अडुळसा पहिल्यांदाच वापरणार असशील तर

भावा, आधी झाड नीट ओळख. आपल्या साताऱ्याकडं शेताच्या कुंपणाला, ओढ्याकडंला अडुळसा सापडतो, शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून तर लोक कुंपणाला लावतात. पानं समोरासमोर, लांबट, टोकदार आणि फूल पांढरं, खालच्या पाकळीवर जांभळट रेघा. फूल दिसल्याशिवाय खात्री नसंल तर कुणा जाणत्याला दाखव, फोटोवरनं अंदाज नको. आणि हायवेच्या कडेची, फवारणीच्या रानातली पानं तोडू नको.

आता रस. कच्ची पानं मिक्सरला लावून रस काढायला बघतात सगळे, पण तो नीट निघतच नाही, पानं आधी धुऊन इडलीपात्रात वाफवायची, मऊ पडली की कुटून फडक्यातनं पिळायची. मोठ्या माणसाला दोन चमचे रस आन् मध, बास. कडू जहर लागतं, तयारी ठेव.

उपयोग छातीत कफ चिकटलाय तिथं, कारण यातलं व्हॅसिसिन नावाचं द्रव्य. खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्सिन त्याच्यावरनंच बनवलंय, म्हणजे हे नुसतं आजीबाईचं खूळ नाही. दम्याचा पंप मात्र याच्या भरवशावर बंद करायचा नाही हां.

गरोदर बाईला अजिबात देऊ नको, गर्भाशय आकुंचन पावतं. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधही चालत नाही. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, रक्त पडलं किंवा धाप लागली तर काढे बाजूला ठेव, टीबी तर नाही ना हे बघायला सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घे, फुकट असतं ते.