परवडणारे १० मेगाहर्ट्झ

प्रश्न : मी डिचोलीजवळ राहतो. हॅम रेडिओचं लायसन नुकतंच मिळालंय. टेबलावर एक जुना फ्रीक्वेन्सी काउंटर आणि एक सिग्नल जनरेटर आहे, पण त्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही. हॅमवाल्यांचे सिग्नल परत पाठवणारा क्यूओ-१०० उपग्रह ऐकायला डिश आणि साधा एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा, सिग्नल खालच्या फ्रीक्वेन्सीवर आणणारा डबा) लावलाय, तर तिथे स्टेशन दुपारी एका जागी आणि रात्री भलतीकडेच. मित्र म्हणतात, जीपीएसडीओ घे, म्हणजे जीपीएसच्या आधारे अचूक १० मेगाहर्ट्झ देणारी पेटी. तयार पेट्यांच्या किमती बघून मी गप्प बसलो. जुनं रुबिडियम अणुघड्याळ घेऊ का? घर कौलारू आहे, भोवती माड-पोफळी, आणि पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही.

उत्तर : रुबिडियम राहू द्या. टेलिकॉमच्या भंगारातून निघालेल्या त्या डब्यातला दिवा किती वर्षं जळलाय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिवाय तो तापतो, दणकट पॉवर सप्लाय मागतो, आणि एवढं करून त्याला शेवटी अचूक जागी आणायला जीपीएसच लागतो.

आता डिशचं बघू. एलएनबीत २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि त्याची ३९० पट करून ९७५० मेगाहर्ट्झ बनतात. क्रिस्टल दहा लाखांत एक भाग जरी सरकला, तरी वर जवळपास पावणेदहा किलोहर्ट्झचा फरक पडतो. एसएसबीचं (हॅमवाले बोलायला वापरतात त्या पद्धतीचं) एक स्टेशन असतं जेमतेम तीन किलोहर्ट्झचं. दुपारी उन्हात भाजलेला एलएनबी रात्री गार पडला की स्टेशन पळणारच. पण तुम्ही एसडीआरवर, म्हणजे सॉफ्टवेअरने चालणाऱ्या रेडिओवर, नुसतं ऐकत असाल, तर यासाठी एक पैसाही घालू नका. त्या उपग्रहाचा स्वतःचा बीकन (खुणेचा सिग्नल) १०४८९.७५० मेगाहर्ट्झवर सतत चालू असतो. त्याला धरून फरक आपोआप भरून काढणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

उरला टेबलावरचा तंटा. तो सोडवायला जीपीएसडीओ हवाच, पण तो विकतच घ्यायला हवा असं नाही. आत असतं काय, तर ओसीएक्सओ, म्हणजे छोट्या बंद भट्टीत कायम एकाच तापमानाला ठेवलेला क्रिस्टल. आणि जीपीएस रिसीव्हर, जो दर सेकंदाला एक ठोका देतो. दोन ठोक्यांच्या मधे १० मेगाहर्ट्झच्या ओसीएक्सओची बरोबर एक कोटी आवर्तनं मोजली गेली पाहिजेत. कमी-जास्त निघाली तर त्याच्या कंट्रोल पिनवरचा व्होल्टेज किंचित हलवायचा. एका सेकंदात मोजलं तर एका आवर्तनाची चूक म्हणजे कोटीत एक. तेच १,००० सेकंद, म्हणजे सतराएक मिनिटं, मोजत राहिलात तर हजार कोटींत एक. घरच्या काउंटरला याहून जास्त कशाला हवं? मोजणी आणि व्होल्टेजचं काम एक अर्दुइनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) करतो. घाई मात्र करू नका. रिसीव्हरचा ठोका स्वतःच दहा-वीस नॅनोसेकंद मागेपुढे होतो. दर ठोक्याला व्होल्टेज हलवलात तर चांगला ओसीएक्सओही बिघडवून ठेवाल.

यू-ब्लॉक्स कंपनीच्या साध्या जीपीएस मॉड्यूलमधून थेट १० मेगाहर्ट्झ काढायची युक्ती तुमच्या कानावर आली असेलच. निओ-६एम ठोका देतो, पण मेगाहर्ट्झ देत नाही. त्यासाठी निओ-७एम किंवा निओ-एम८ लागतो. आणि त्याच्याकडूनही १० मागू नका, ८ मागा. आतलं घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचं. ४८ ला ८ ने पूर्ण भाग जातो, १० ने जात नाही, म्हणून १० मागितले की कधी चार टिक, कधी पाच टिक असं ते लंगडत चालतं. काउंटर तपासायला ८ मेगाहर्ट्झ झकास. एलएनबीला मात्र यातलं काही देऊ नका, ३९० पटीत सगळा खडखडाट वर येतो. नकली चिप बाजारात भरपूर आहेत, तेव्हा काही शे रुपयांच्या मॉड्यूलवर छापलेल्या नावावर विसंबू नका.

हातात सोल्डरिंग आयर्न धरायचंच नसेल, तर जुना ट्रिंबल थंडरबोल्ट, म्हणजे तयार जीपीएसडीओ, शोधा. मोबाइल टॉवरांमधून निघालेल्या अशा पेट्यांत हा मला सगळ्यात समजूतदार वाटतो. त्याला +१२, +५ आणि −१२ असे तीन व्होल्टेज लागतात. ३० जुलै २०१७ पासून तो तारीख १,०२४ आठवडे मागची दाखवतो; तेवढ्यावरून कोणी स्वस्तात देत असेल तर खुशाल घ्या, १० मेगाहर्ट्झला त्याने काही होत नाही. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच हिशेब करा.

खरा जीव अँटेनात घाला. कोरड्या कौलांखालीही सिग्नल मिळतो, पण जूनमध्ये कौलं भिजली आणि माडाच्या ओल्या झावळ्या वर आल्या की रडकथा सुरू. पत्र्याखाली तर काहीच नाही. म्हापशाला माझ्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे, म्हणून मी पीव्हीसी पाइप शेडच्या वर काढून टोकाला अँटेना बसवलीय, आणि तिच्यावर श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा पालथा घातलाय. डब्याखाली भोक ठेवा, नाहीतर आत दव साचतं. केबल डिशवाल्याची आरजी-६ चालते. थंडरबोल्टला तर एफ कनेक्टरच असतो. सांध्यावर ताणून गुंडाळायची, स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप लावा. आपल्या खाऱ्या दमट हवेत उघड्या सांध्यातलं तांबं एका पावसाळ्यात हिरवं पडतं. अँटेनाला ३.३ व्होल्ट हवेत की ५, हे जोडण्याआधी बघा. थंडरबोल्टने स्वतःची जागा एकदा नीट मोजली (२,००० नोंदी, सुमारे अर्धा तास) की पुढे एका उपग्रहावरही त्याचं भागतं, हा माडांच्या गर्दीत मोठाच आधार.

विजेसाठी पेटी १२ व्होल्टच्या बॅटरीवर ठेवा. वीज गेली की भट्टी थंड होते, आणि पुन्हा तापून स्थिरावायला कित्येक तास जातात. गडगडाट सुरू झाला तर अँटेनाची केबल काढा, पेटी चालूच राहू दे. शेवटच्या व्होल्टेजवर ती काही तास सहज तग धरते.

प्रश्न : नाविकवर (जीपीएससारख्या भारतीय उपग्रह यंत्रणेवर) चालणारा रिसीव्हर घेतला तर जास्त अचूक मिळेल का? (मडगाव)

उत्तर : या कामापुरतं नाही. नाविकचे आधीचे उपग्रह एल५ आणि एस बँडवर बोलतात, स्वस्त मॉड्यूलना ते ऐकू येत नाहीत. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून एल१, म्हणजे साधे जीपीएस रिसीव्हर ऐकतात तो बँड, सुरू झाला, आणि त्यात आपल्याकडे बनवलेलं रुबिडियम घड्याळही आहे. अभिमान जरूर बाळगा. पण तुमच्या खिडकीतून निम्मंच आकाश दिसत असेल, तर जीपीएसबरोबर ग्लोनास किंवा गॅलिलिओ ऐकणारा एम८ घ्या.