रेफ्रीचे डोळे नि आपलं तोंड

पावसाळी फुटबॉल कप सुरू झाले की माझ्या फोनला चैन नसते. लावणी आटपलेली, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून खलाशी पोरं गावात, तेव्हाच काय त्या टीम पूर्ण भरतात (आणि फायनल १५ ऑगस्टला ठेवली की गोलकीपर नेमका ट्रॉलरवर, हे आपलं दर वर्षीचं रडगाणं). यंदा आलेल्या प्रश्नांत खेळाबद्दलचे मोजकेच, बाकी सगळे लाईनीबाहेर उभ्या असलेल्यांबद्दल. म्हणून या वेळी तेच घेतो.

सर, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, चौदाखालच्या टीममधून खेळतो. त्याचे पप्पा प्रत्येक मॅचला येतात आणि पहिल्या मिनिटापासून ओरडतात. शिव्या देत नाहीत, पण "मार, सोड, मागे ये, खय बघतंस" हे चालूच. गेल्या रविवारी मुलगा म्हणाला पप्पा येणार असतील तर मी खेळणार नाही. यांना सांगितलं तर म्हणतात मी त्याच्या भल्यासाठीच ओरडतो. काय करू?
– एक आई, मालवण तालुका

ताई, तुमचे मिस्टर खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं. मलाही वाटायचं. मी तीस वर्षं शाळेत पीटी शिकवलं, सुट्टीच्या दिवशी शिट्टी वाजवली, दुसऱ्यांच्या बापांना लाईनीमागे ढकललं, आणि माझी मुलगी खेळायला लागली तेव्हा पहिल्याच मॅचला मी असा काही ओरडलो की हाफटाईमला ती पाणी प्यायलाही माझ्या बाजूला आली नाही. पलीकडे जाऊन दुसऱ्या टीमच्या बाटलीतलं प्यायली. तेव्हा कळलं.

आता हे बघा की त्या पोराच्या डोक्यात काय चाललेलं असतं. बॉल पायाशी आलाय, समोरून डिफेंडर येतोय, मैदानात चिखल आहे त्यामुळे बॉल किती सरकेल याचा भरवसा नाही, डावीकडे आपला पोरगा मोकळा आहे का हे मान वर करून बघायचंय, आणि हे सगळं एक-दीड सेकंदात. त्याच वेळी कोच सांगतो पास दे, पप्पा सांगतात मार, आणि पप्पांच्या शेजारचे ज्यांचा काही संबंध नाही ते काका ओरडतात "घेऊन जा रे झिला". तिघांचं ऐकलं तर पोरगं जागच्या जागी थांबतं, बॉल जातो, आणि मग तिघंही म्हणतात ह्याला समजतच नाही.

नियमाचं पुस्तकसुद्धा कोचला मोकाट सोडत नाही. टीमच्या बाकासमोर जी आखलेली जागा असते, बाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर आणि पुढे लाईनीपासून एक मीटर आधी संपणारी, तिथून एका वेळी एकाच माणसाने सूचना द्यायच्या असं त्यात आहे. म्हणजे पगारी कोच पण दोघं एकदम बोलू शकत नाहीत आणि आपल्याकडे लाईनीवर चाळीस कोच.

इंग्लंडमध्ये पोरांच्या मॅचना मधूनच एखादा शनिवार-रविवार असा ठेवतात की पालकांनी तोंडातून शब्द काढायचा नाही, नुसत्या टाळ्या वाजवायच्या. आपल्याकडे हे होणं कठीण, आपण प्रेताला नेतानाही सूचना देणारी माणसं. तरी तुमच्या घरापुरतं करता येईल. त्यांना कोचच्या समोरच्या बाजूला उभं राहायला सांगा, म्हणजे निदान पोराच्या दोन्ही कानात वेगवेगळं जाणार नाही. एखाद्या प्रॅक्टिस मॅचला त्यांच्या हातात लाईनमनचा झेंडा द्या, अर्धा तास पळाले की आवाज आपोआप खाली येतो, हा माझा खात्रीचा उपाय, आजवर फसला नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे येताना बाईकवर मॅच काढायची नाही. मैदान ते घर, एक शब्द नाही. पोराने स्वतःहून काढली तर बोला, नाहीतर वाटेत वडापाव खा आणि घरी या. पोरं मॅचमधलं ओरडणं विसरतात हो, बाईकवरचं नाही विसरत.

आमच्या मॅचला डीमध्ये (गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये) बॉल असताना पब्लिकमधून कोणीतरी शिट्टी मारली. आमचा डिफेंडर रेफ्रीची समजून थांबला, बॉल हातात घेतला, तर रेफ्रीने हँडबॉल म्हणून पेनल्टी दिली. हे बरोबर का?
– वेंगुर्ल्याहून एक कॅप्टन

नाही. पुस्तकात हाच प्रसंग जवळजवळ असाच लिहिलाय. प्रेक्षकाच्या शिट्टीमुळे खेळात अडथळा आला, उदाहरणार्थ खेळाडूने खेळ थांबला असं समजून बॉल उचलला, तर रेफ्रीने खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यायचा, म्हणजे स्वतः बॉल खाली टाकून खेळ परत सुरू करायचा. बॉल डीमध्ये होता म्हणजे तो ड्रॉप तुमच्याच गोलकीपरला मिळायला हवा होता. पण मॅच संपली, आता कागद घेऊन फिरू नका, शिट्टी झाली की नाही, त्याने फरक पडला की नाही हे ठरवणं रेफ्रीचं काम आणि त्यावर त्याचा शब्द शेवटचा. पोरांना एक शिकवा, शिट्टी ऐकली तरी रेफ्रीकडे बघेपर्यंत पाय थांबवायचा नाही. बाकी शिट्टी विकणाऱ्या फुगेवाल्याला मैदानाच्या गेटवरच थांबवायचं काम आयोजकांचं.

"माझा!" असं ओरडलं की फाऊल असतो ना? नाव घेऊन ओरडायला लागतं असं सगळे म्हणतात.
– एक डिफेंडर, कुडाळ

सगळे चूक म्हणतात. असा नियमच नाही. आपल्या पोराला सांगायला "माझा" म्हणा, "सोड" म्हणा, काही हरकत नाही. समोरच्याला फसवायला मुद्दाम ओरडलात, म्हणजे तो शूट मारत असताना मागून "सोड रे" म्हणालात आणि त्याला आपलाच वाटून त्याने सोडला, तर मात्र यलो कार्ड आणि समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल धरत नाहीत ती.

सर, सुनील छेत्रीने स्वतः सांगितलं होतं की स्टेडियममध्ये या, तोंडावर शिव्या द्या. मग आम्ही लाईनीवर दोन शब्द बोललो तर एवढं काय बिघडलं? आणि रेफ्रीला ऑफसाईड दिसत नाही, आम्हाला शंभर जणांना दिसतो, त्याचं काय?
– कट्टर फॅन, सावंतवाडी

दादा, व्हिडिओ पूर्ण बघा. जून २०१८, मुंबईत अंधेरीला चायनीज तैपेईविरुद्ध मॅच, आपण ५-० जिंकलो, छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला माणसं २,५६९. त्यावर तो बोलला की इंटरनेटवर शिव्या देण्यापेक्षा मैदानात येऊन द्या, आणि पुढे हेही बोलला की कोण जाणे, एक दिवस तुम्ही आमच्यासाठी टाळ्या वाजवायला लागाल. हे दुसरं वाक्य आपल्याकडे कोणी फॉरवर्ड करत नाही. आणि बोलणारा कोण, तर देशाचा कॅप्टन, पुढची मॅच त्याची शंभरावी. तो स्वतःसाठी बोलला. तुमच्या वाडीतल्या बारावीतल्या लेफ्ट बॅकच्या वतीने नाही बोलला, आणि दोनशे-तीनशे रुपये नि एक वडापाव यावर पावसात पळणाऱ्या रेफ्रीच्या वतीने तर नाहीच नाही.

आता तुमचे शंभर जण. शंभर जणांना ऑफसाईड दिसतो कारण शंभरच्या शंभर जण मधल्या लाईनीजवळ मंडपाखाली उभे असतात, पाऊस लागू नये म्हणून. तिथून तिरकं बघितलं तर पलीकडच्या बाजूचा फॉरवर्ड कधी पुढे वाटतो कधी मागे. ऑफसाईड बघायचा, म्हणजे पास निघताना फॉरवर्ड शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या पुढे होता का हे बघायचं, तर त्या डिफेंडरच्या बरोबर रेषेत उभं राहावं लागतं, लाईनमन सारखा त्याच्याबरोबर मागेपुढे पळतो तो काही हौस म्हणून नाही. तीच गोष्ट बॉल बाहेर गेला की नाही याची. बॉल पूर्णच्या पूर्ण लाईन ओलांडून गेला पाहिजे, नुसता लाईनीवर असला, अर्धा बाहेर लटकला तरी आतच. त्यात आपली फक्की पहिल्या सरीला वाहून जाते, मग लाईन कुठली हे आयोजकांनाच माहीत नसतं तर तुम्हाला काय दिसणार. (हाफटाईमला परत फक्की मारा, एवढं एक जरी केलं तरी निम्मी भांडणं मिटतील.)

आमचं मंडळ दर वर्षी कप घेतं. आमची अडचण वेगळी आहे. सगळ्यात जास्त ओरडणारा माणूस म्हणजे आमचे स्पॉन्सरच, ट्रॉफी नि जर्सी त्यांच्या. गेल्या वर्षी छत्री घेऊन मैदानात घुसले. त्यांना कोण सांगणार?
– आयोजक, नाव देऊ नये

खरा प्रश्न हा आहे आणि तुम्ही सरळ विचारलात म्हणून बरं वाटलं. मी जेवढे कप बघितले, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत, त्यात गोंधळ करणारा माणूस अनोळखी कधीच नसतो. एकतर स्पॉन्सर, नाहीतर स्पॉन्सरचा मेव्हणा, नाहीतर मुंबईहून आलेले कोणी ज्यांनी मंडपाचे पैसे दिलेत. टपोरी पोराला चार जण मिळून बाहेर काढतात, ह्यांना कोण हात लावणार. एकदा मी स्वतः लाईनमन असताना माझ्या पाठीत अशीच एक छत्री टोचली होती, वळून बघितलं तर ज्यांच्या हातून मला संध्याकाळी मानधनाचं पाकीट मिळणार होतं तेच गृहस्थ. मी काय केलं? काही नाही. झेंडा वर केला नि पुढे पळालो. आजही त्याची लाज वाटते.

नियमात सांगायचं तर तुमचे स्पॉन्सर हे बाहेरची व्यक्ती. टीमच्या यादीत खेळाडू, बदली खेळाडू किंवा कोच-मॅनेजर म्हणून ज्याचं नाव नाही तो बाहेरचा, मग ट्रॉफी त्याची असो की मैदान त्याचं. त्याला रेफ्री कार्ड दाखवू शकत नाही. पण खेळ थांबवू शकतो आणि अगदीच झालं तर मॅच सोडून देऊ शकतो. कोच-मॅनेजरचं तसं नाही, त्यांना २०१९ पासून यलो-रेड कार्ड दाखवता येतं, आणि बाकावरून कोण बोललं ते कळलं नाही तर ते कार्ड तिथल्या मुख्य कोचच्या नावावर. त्यामुळे बाक आपोआप गप्प बसतो. तुमचं दुखणं बाकापलीकडचं, आणि ते रेफ्रीचं काम नाही, तुमचं आहे.

काय करायचं ते सांगतो. मैदानाच्या लाईनीपासून दोन-तीन मीटर सोडून चारी बाजूंनी दोरी बांधा, रापणीची जुनी दोरी कोणीही देईल. दोरीच्या आत रेफ्री, खेळाडू, दोन्ही बाकं आणि फर्स्ट एडवाला, बस. मग स्पॉन्सर साहेबांना उद्घाटनाला बोलवा, हार घाला, आणि भाषणाऐवजी माईकवर त्यांच्याच तोंडून नियम वाचून घ्या, की दोरीच्या आत कोणी येणार नाही, रेफ्रीला कोणी काही बोलणार नाही, आला तर मॅच थांबेल. त्यांच्याच आवाजात पूर्ण गावाने ऐकलेलं असलं की मग छत्री घेऊन घुसायला माणूस दोनदा विचार करतो. आणि खुर्ची दोरीला लागून नका देऊ, स्टेजवर द्या.

दुसरं म्हणजे कॉमेंट्रीवाला. हे कोणी लिहीत नाही. आपला मालवणी कॉमेंट्रीवाला म्हणजे अर्धी मजा, कबूल, पण तो लाऊडस्पीकरवर "रेफ्रीक चष्मो देवा रे कोणीतरी" म्हणाला की दोनशे माणसं तेच म्हणायला लागतात. त्याला मॅचआधी सांगा, खेळाडूंची टर उडव, मंडळाची उडव, माझी उडव, रेफ्रीच्या निर्णयावर बोलायचं नाही.

हे सगळं हसण्यावारी नेऊ नका. २०१२ च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्समध्ये अल्मेर शहरात पोरांच्या एका साध्या क्लब मॅचनंतर लाईनमनला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस गेला. पगारी लाईनमन नव्हता, त्याचा मुलगा त्या टीममध्ये खेळत होता म्हणून झेंडा हातात घेतलेला एक बाप. मारणारे समोरच्या टीमची पोरं, आणि शिक्षा झालेल्यांत त्या पोरांपैकी एकाचा बापसुद्धा.

सेमीफायनलला पब्लिक आत आलं, २-१ असताना रेफ्रीने मॅच सोडली. आम्ही पुढे होतो म्हणजे आम्ही जिंकलो ना? आणि १३ टीममध्ये आम्हालाच बाय का नाही?
– एक मॅनेजर, रत्नागिरी जिल्हा

पहिल्याचं उत्तर तुमच्या कपाच्या नियमात शोधा. तिथे काही लिहिलेलं नसेल आणि आयोजकांनीही वेगळं ठरवलं नाही तर मॅच परत पहिल्यापासून, ०-० वर. म्हणून एन्ट्री फीच्या पावतीमागे हे छापून घ्यावं. दुसऱ्यात सेटिंग नाही, गणित आहे. नॉकआउटला टीम २, ४, ८, १६ अशाच लागतात, १३ च्या पुढे १६, म्हणून बाय (न खेळता पुढच्या फेरीत) तीन, पहिल्या फेरीत पाच मॅच, कपात एकूण बारा. तीन चिठ्ठ्या निघाल्या, तुमची नाही निघाली.

मी १९ वर्षांचा आहे, यंदाच शिट्टी हातात घेतली. तिसऱ्याच मॅचला आईवरून शिव्या ऐकल्या. घरचे म्हणतात सोडून दे. सोडू का?
– नवा रेफ्री, दापोली

सोडू नको असं मी लगेच म्हणणार नाही, ते ऐकून घ्यायचं वय नाही तुझं. महिनाभर फक्त चौदाखालच्या मॅच कर, एकट्याने जाऊ नको, ओळखीचा लाईनमन बरोबर ने. मॅचआधी दोन्ही कॅप्टनना बोलावून सांग की माझ्याशी बोलायचं तर तुम्ही दोघांनीच. शिवी कोणी दिली ते कळलं तर खेळ थांबव, आयोजकाला बोलाव, तो माणूस दोरीपासून लांब जाईपर्यंत शिट्टी वाजवू नको, घड्याळ थांबवून ठेव आणि शांत उभा राहा, वाद घालू नको. दोन मिनिटं गेली की पब्लिकच त्याला बाहेर काढतं, कारण त्यांना मॅच बघायची असते. मॅच संपल्यावर काय झालं ते लिहून आयोजकांना दे, लिहिलेलं नसलं की दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात असं काही झालंच नाही. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव, पेनऐवजी पेन्सिल घे, पावसात पेन चालत नाही, आणि शिट्ट्या दोन ठेव, एक हमखास चिखलात पडते.