नॉमिनी म्हणजे प्रतिनिधी नव्हे

प्रश्न : माझी आत्या ७६ वर्षांची असून पंचवटीत एकटीच राहते. तिला मूलबाळ नाही. गेल्या वर्षापासून तिची दृष्टी फारच अधू झाल्यामुळे वीजबिल, गॅस, इंटरनेट आणि बँक हे सारे मीच इंदिरानगरहून पाहते. तिचे एटीएम कार्ड माझ्याकडे असते आणि लागेल तेव्हा ती मला फोनवर ओटीपी सांगते. मागच्या महिन्यात तिचे इंटरनेट बंद पडले, तेव्हा कंपनीच्या कार्यालयातून ‘ग्राहकालाच घेऊन या’ असे सांगून मला परत पाठवण्यात आले. रीतसर अधिकार कसा मिळवावा? मी तिच्या बचत खात्याची नॉमिनी आहे, तेवढे पुरेसे नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण याच समजुतीवर अनेक घरे निर्धास्त राहतात. नॉमिनीचा संबंध खातेदाराच्या मृत्यूनंतर येतो आणि तेव्हाही तो रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारण्यापुरता असतो. खातेदार हयात असताना नॉमिनीला खात्यातील शिल्लक विचारण्याचाही हक्क नसतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, परंतु त्यामुळे या मूळ गोष्टीत काहीही बदल झालेला नाही.

दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणाऱ्याला कायद्यात प्रतिनिधी म्हणतात आणि त्याच्या नेमणुकीचे नियम १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहेत. नेमणूक आत्यांनी स्वतः करायची असते. आपले नाते कितीही जवळचे असले तरी नात्याने ती आपोआप होत नाही. म्हणूनच आपल्याला परत पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुद्दा चुकीचा म्हणता येणार नाही. अधिकारपत्र कसे आणावे हे मात्र त्याने सांगायला हवे होते.

वीजबिल भरण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नसते. महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक हाताशी असला की पुरते. इंटरनेटची जोडणी बदलणे किंवा बंद करणे, नोंदवलेला मोबाइल क्रमांक बदलणे अशा कामांसाठी मात्र आत्यांच्या सहीचे अधिकारपत्र द्यावे. त्यात ग्राहक क्रमांक, आपले पूर्ण नाव, नेमकी कोणती कामे आपण करू शकता आणि हा अधिकार कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे स्पष्ट लिहावे. ‘सर्व व्यवहार’ असे मोघम शब्द टाळावेत. आपल्या सहीचा नमुना त्याच कागदावर आत्यांनी साक्षांकित करावा. सोबत आधारची प्रत द्यायची असल्यास शेवटचे चार अंकच दिसणारी प्रत काढावी आणि ती कशासाठी दिली आहे हे तिच्यावरच लिहावे.

बँकेचे काम अधिक जपून करायला हवे. आपण आज जे करीत आहात, ते हेतू चांगला असूनही आत्यांच्या हिताचे नाही, आणि ते आजपासूनच थांबवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला दिल्यामुळे फसवणूक झाली, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकालाच सोसावे लागते. त्याऐवजी बँकेच्या छापील नमुन्यात खाते चालवण्याचा अधिकार आपल्या नावे लिहून द्यावा, किंवा वकिलाकडून केवळ या खात्यापुरते विशेष मुखत्यारपत्र करून घ्यावे. सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) जिल्हा न्यायालयाच्या परिसरात नोटरी भेटतात, पण तिकडे जाण्याआधी शाखेत जाऊन त्यांना कोणता मसुदा चालतो हे विचारावे, म्हणजे खर्च दोनदा होणार नाही.

दृष्टी अधू झाली म्हणजे निर्णय घेण्याची क्षमता गेली असे नव्हे, हे आपण आणि बँकेने दोघांनीही लक्षात ठेवावे. दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक किंवा एटीएम कार्ड नाकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट आदेश आहे. सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच रोकड देण्याची सोय बँकांनी करावी, असेही सांगितलेले आहे. पंचवटीतील शाखेकडे तशी मागणी लेखी करावी. कोणताही कागद आत्यांना सावकाश वाचून दाखवावा, शक्यतो आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून, आणि मगच सही घ्यावी. आपली अन्य भावंडे असतील तर त्यांनाही हे आधी कळवलेले बरे.

आपण विचारलेले नाही, पण सांगणे भाग आहे : हा अधिकार आत्यांचे भान शाबूत आहे तोवरच टिकतो. करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, अधिकार देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याचे मानसिक संतुलन गेले, की प्रतिनिधीचा अधिकार संपतो. ज्या दिवशी स्मृतिभ्रंशामुळे आपली खरी गरज निर्माण होईल, त्याच दिवशी मुखत्यारपत्र निरुपयोगी ठरेल. मग पालकत्वासाठी न्यायालयात जावे लागते आणि त्यात महिने जातात. म्हणून घरखर्चापुरती रक्कम ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ अशा संयुक्त खात्यात ठेवण्याचा विचार आत्यांशी आजच बोलावा. त्यांची सगळी ठेव मात्र त्यात घालू नये, कारण संयुक्त खातेदार ती सगळी काढूही शकतो.

दिलेला अधिकार आत्यांना केव्हाही परत घेता येतो. तो रद्द झाल्याचे बँकेला किंवा कंपनीला कळेपर्यंत त्यांच्या दृष्टीने तो चालूच असतो, म्हणून रद्द केल्याचे पत्र शाखेत देऊन पोचपावती घ्यावी आणि ती आत्यांच्याच कपाटात ठेवावी.