भावाच्या खांद्यावरच्या गाठीचा रिपोर्ट ‘डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स’ आला आहे. हा कॅन्सर किती घातक असतो? किमो लागते का?

किमो बहुतेकदा लागत नाही. पण ‘खांद्यावरची गाठ’ वाचलं आणि राहवलं नाही. माझीही तिथेच होती.

कॉलेजात असताना बोराएवढी होती. तांबूस, टणक, दुखणं नाही. आईने आंबेहळद उगाळून लावली. एका डॉक्टरांनी केलॉइड (व्रणाची फुगलेली कातडी) समजून त्यातच इंजेक्शनं दिली. आठ वर्षांत ती सुपारीपेक्षा मोठी झाली, तेव्हा गावातल्या एका सर्जननी ‘चरबीची गाठ’ म्हणत वीस मिनिटांत काढून टाकली. मी विचारलं, तपासायला पाठवायची का? दादा शेजारीच उभा होता. म्हणाला, “चरबीच आहे म्हणतायत ना? उगाच कशाला खर्च.” डॉक्टर काहीच बोलले नाहीत. गाठ बादलीत गेली.

दोन वर्षांनी त्याच व्रणावर शेजारी-शेजारी तीन गाठी. या वेळी बायोप्सी झाली, सीडी-३४ (या गाठीच्या पेशींवर सापडणारी प्रथिनाची खूण) पॉझिटिव्ह आलं, आणि हे लांबलचक नाव. मग परळ, टाटा, फायलींची पिशवी. तेव्हापासून प्रत्येक सणाला पानावर बसलं की दादाचं एकच: “चाकू लावला म्हणून चवताळली.”

साफ चूक. या रोगात 17 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि पेशींना वाढीचा हुकूम सुटतो तो थांबतच नाही. चाकूने ते होत नाही. दिसते ती गाठ, पण कातडीखाली ती हरळीसारखी पसरलेली असते. हरळी वरवर खुरपली तर काय होतं, हे जन्मभर शेती केलेल्या माणसाला मी सांगायचं? चूक चाकूची नव्हती, अर्धवट चाकूची होती. आणि त्या बादलीची.

म्हणून गाठीभोवतीची दिसायला चांगली अशी 2 ते 3 सेंटीमीटर कातडी आणि खालचा स्नायूवरचा पापुद्राही काढतात. माझ्या मांडीची कातडी खांद्यावर बसवली. काही ठिकाणी मोह्स पद्धतीने थराथराने कापत लगेच सूक्ष्मदर्शकाखाली कडा तपासतात, त्यात कातडी कमी जाते. हा रोग वर्षाला दहा लाखांत पाचाहून कमी लोकांना होतो, त्यामुळे ज्यांनी अशा गाठी काढल्या आहेत त्यांच्याकडेच जा. घातक म्हणाल तर लांब पसरणं शंभरात पाचांहून कमी जणांत, पसरला तर बहुधा फुप्फुसात. याची खोड त्याच जागी परत उगवायची. काढताच येत नसेल तर इमॅटिनिब आहे, रक्ताच्या कॅन्सरची गोळी. अमेरिकेत 2006 पासून या रोगासाठीही मंजूर. मला लागली नाही.

भावाच्या रिपोर्टमध्ये ‘कडा मोकळ्या’, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठावर रोगाच्या पेशी नाहीत, असं लिहिलंय का ते आधी बघा. लॅबमधून स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या, ते तुमचेच आहेत. कुणी ‘हात लावू नका, पसरेल’ म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

हो, ‘फायब्रोसार्कोमॅटस’ हा शब्द असेल तर माझा वरचा धीर बाजूला ठेवा, तो प्रकार जास्त आडदांड असतो. आणि मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत कारकून आहे.

दादाने गेल्या दिवाळीआधी पाठीवरची गाठ काढली. चरबीचीच निघाली. बाटली घेऊन लॅबमध्ये तो स्वतः गेला होता, हे मला वहिनीकडून कळलं.