एकाच खुंटीपाशी

तुझा मेसेज वाचला भो. दुपारी तलावाच्या पाण्यात ऑक्सिजन 12 आला, पंधरा दिवसांनी पहाटे 2, आणि विचारतोस मीटर बिघडलाय का. मीटरला कशाला नावं ठेवतो! 30 अंशाच्या पाण्यात हवेतून मुरून लिटरला साडेसात मिलिग्रॅमच मावतो, 12 आला म्हणजे शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतंय आणि रात्रभर तेच शेवाळ आणि गाळातले जिवाणू तो पिऊन टाकतात. दोन्ही आकडे खरे, पण एकमेकांशेजारी ठेवायच्या लायकीचे नाहीत. म्हणून जागा एक, वेळ एक, पद्धत एक. शक्यतो पहाटे, मासे मरतात ते त्याच वेळी.

वहीत खोलीचा रकानाच नाही तुझ्या. मे महिन्यात आपल्याकडे पाणी किती आटतं माहितीये ना, क्षार वाढलेले दिसले तर सांडपाणी वाढलं का पाणीच कमी झालं, कसं सांगणार? आणि दुपारचा वारा सुटला की उथळ तलावाचा गाळ वर येतो, मग पाण्याची नितळता बघायला सोडतो ती सेक्कीची तबकडी वीतभरावर दिसेनाशी होते आणि तू लिहितोस 'तलाव प्रदूषित'. वारा पण लिही रे बाबा.

साहेबांना तीन सॅम्पलवर 'चांगला का वाईट' हवंय, द्यायचं नाही. उथळ तलाव वर्षानुवर्षं तळाच्या वनस्पतींच्या जोरावर नितळ राहतो आणि मग एखाद्या मोसमात गढूळ होऊन बसतो, 1993 साली तलावांचे अभ्यासक शेफर आणि सहकाऱ्यांनी हेच मांडलं. परत फिरवणं त्याहून अवघड, सांडपाणी बंद केलं तरी गाळातला, शेवाळाला पोसणारा फॉस्फरस सुटत राहतो, युरोपातल्या कित्येक तलावांना सावरायला 10-15 वर्षं गेली. तीन बाटल्यांत हे सापडणार आहे?

मला एका ऑफिसात म्हणाले होते, एकाच तलावाला काय चिकटलात, दहा करा, रिपोर्ट जाड होईल. नाही केले. पैसे बंद झाले, घरचेही हट्टी म्हणाले, म्हणू देत. दहा तलाव एकेकदा बघून दहा फोटो मिळतात, तब्येत कळत नाही. जळगावचा मेहरूण तलाव घे, शहर अंगावर यायच्या आधीचा एक आकडा माझ्याकडे नाही, ही खंत मात्र आहे. आता विसर्जनानंतर काय बदललं विचारतात, कशाशी तुलना करू?

तर जागा एक, वेळ एक. रविवारी खुंटी ठोक, मे महिन्यातही पाण्यात राहील इतक्या आत, तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा रंगव आणि फोटो पाठव. मीटर नवा घेऊ नको, आहे तोच दर वेळी कॅलिब्रेट कर, म्हणजे ठाऊक असलेल्या मापाशी ताडून बघ.