कार डिटेलिंगमध्ये हात सुधारायचा आहे, ध्येयं कशी ठरवू?

तुम्ही लिहिलंय की स्वतःची आणि मित्रांच्या गाड्या धुऊन हात बसलाय, नुकताच ड्युअल ॲक्शन पॉलिशर (पॅड गोल फिरवत हलवणारं रंग चमकवायचं मशीन) घेतलाय आणि वर्षभरात ‘शोरूमसारखी चमक’ आणायचं ठरवलंय. मी असतो तर हे ध्येय आधी खोडलं असतं. ‘शोरूमसारखी’ झाली की नाही हे ठरवणार कोण? नव्या कोऱ्या गाडीवरही टॉर्च मारली तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे, म्हणजे स्वर्ल मार्क्स, अनेकदा दिसतात. तपासता येईल असं काहीतरी ठरवा.

पहिलं ध्येय पॉलिशरचं नकोच. पुढचे तीन महिने गाडी धुताना नवे ओरखडे पडू द्यायचे नाहीत, एवढंच ठेवा. ऐकायला अगदीच किरकोळ वाटेल, पण बहुतेक स्वर्ल्स धुताना आणि पुसतानाच पडतात. एका गडद रंगाच्या पॅनेलचा छोटा भाग निवडा, टॉर्च एकाच कोनात धरून दर धुण्याआधी आणि नंतर फोटो काढा. ओरखडे वाढत असतील तर कारण शोधा: बादली एकच होती का (एक शाम्पूची, एक मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, खंगाळायची, अशा दोन हव्यात), मिट लावण्याआधी सुटी धूळ पाण्याच्या फवाऱ्याने काढली होती का, जमिनीवर पडलेला मायक्रोफायबरचा कपडा झटकून परत वापरला का? चाकांचे कपडे आणि बॉडीचे कपडे वेगळे ठेवा. मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने कपड्याची पाणी शोषण्याची ताकद जाते.

याच्यावर एवढा जोर देतोय, कारण पॉलिश करणं म्हणजे क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, थोडा थोडा घासून काढणं. कंपनीतून आलेल्या बहुतेक गाड्यांवर हा थर साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. दरवर्षी ओरखडे पाडायचे आणि दरवर्षी ते घालवायला पॉलिश करायचं, हे फार काळ चालत नाही. पेंट गेज (रंगाची जाडी मोजायचं यंत्र) घेतलात तरी साधं गेज प्रायमर, रंग, क्लिअर कोट सगळ्यांची मिळून जाडी दाखवतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. त्यामुळे आकडा मोठा आला म्हणून बिनधास्त होऊ नका. ती गाडी पूर्वी रंगवलेलीही असू शकते.

पॉलिशरसाठी भंगारातून एखादं बॉनेट किंवा दरवाजा आणा. इथलं ध्येय ‘सगळे ओरखडे घालवणं’ हे नसावं, ‘तोच निकाल पुन्हा आणता येणं’ हे असावं. दोन फूट बाय दोन फुटांचा टेस्ट स्पॉट घ्या, आधी मऊ पॅड आणि सौम्य पॉलिश. पुरलं नाही तर एका वेळी एकच गोष्ट बदला, पॅड तरी किंवा पॉलिश तरी. मशीन सावकाश सरकवा, सेकंदाला साधारण एक इंच, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर यायला हवा. (व्हिडिओत मशीन भराभर फिरताना दिसतं, ते बहुतेक वेळा फास्ट फॉरवर्ड केलेलं असतं.) पॅड, पॉलिश, स्पीड, किती पास (त्याच जागेवरून मशीन किती वेळा फिरवलं), सगळं वहीत लिहा. निकाल बघण्याआधी ती जागा पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिशमधलं तेल बारीक ओरखड्यांत बसून ते झाकतं, आणि आपण खूश होऊन पुढच्या पॅनेलकडे जातो. वहीतल्या नोंदी बघून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जागी तसाच निकाल आला, की ते ध्येय पूर्ण झालं असं समजा.

थांबण्याचंही ध्येय ठेवा. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने घालवण्याच्या नादी लागायचं नाही, कडा आणि बॉडी लाइनवर (पत्र्यातल्या उठावाच्या रेषांवर) टेप लावायचा. 80 टक्के ओरखडे गेले आणि क्लिअर कोट शिल्लक राहिला, तर मी ते काम उत्तम म्हणेन.

इंटिरियरला वेगळं वेळापत्रक नको. एवढंच जमवा की कुठलंही क्लीनर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघायचं आणि टिंट फिल्म असलेल्या काचांना अमोनियाचं क्लीनर लावायचं नाही.

वेगाचं ध्येय मात्र सगळ्यात शेवटी. ‘अमुक तासांत पूर्ण गाडी’ असं आधीच ठरवलंत, तर पहिली काट बसते ती मास्किंग (टेप लावणं) आणि तपासणीवर. नोंदींप्रमाणे सलग काही गाड्यांवर सारखा निकाल येऊ लागला की मग घड्याळ लावा, आणि तेव्हाही पॉलिशिंगची मिनिटं कमी करू नका. वेळ वाचतो तो सामान आधी मांडून ठेवण्यात, पॅड वेळच्या वेळी साफ करण्यात आणि गाडीभोवतीच्या फेऱ्या कमी करण्यात.