छेदात कोण बसलंय ते बघ

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. चीनमधल्या शिक्षणावर लिहायला घेतलंस हे आवडलं, पण पहिल्याच पानावरचा निरक्षरतेचा तो तक्ता डोळ्यांत खुपला. एका रकान्यात भारत, शेजारी चीन आणि मधे एक जाडजूड बाण.

2020 च्या जनगणनेत चीनमध्ये निरक्षर 2.67 टक्के, असं तू लिहिलं आहेस. आकडा सरकारी आहे, बरोबर उतरवला आहेस. पण भागाकार करून पाहिलास का? निरक्षर म्हणून मोजले ते 15 वर्षांचे आणि त्यावरचे, सुमारे 3 कोटी 77 लाख. त्यांना भागलं 141 कोटींनी, म्हणजे पाळण्यातल्या बाळांसकट सगळ्या देशाने! छेदातून 14 वर्षांपर्यंतची 25 कोटी मुलं काढ, तोच आकडा सव्वातीनवर जातो. आपली जनगणना 7 वर्षांखालच्या मुलांना या हिशेबात धरतच नाही, आणि कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता आलं की माणूस साक्षर. त्यामुळे तुझे दोन रकाने शेजारी बसतच नाहीत. चीनमधल्या निरक्षरतेची घसरण खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. याच पद्धतीने 2000 साली तो आकडा 6.72 होता, आणि 1949 साली तर सरकारी अंदाजाने दहातले आठ जण निरक्षर होते.

आता तुझ्या मसुद्यात जे अजिबात नाही ते सांगतो. चिनीत साक्षर म्हणजे काय? आपल्याकडे मूल बाराखडी आणि जोडाक्षरं शिकलं की अर्थ न कळताही ‘निश्चलनीकरण’ वाचून मोकळं होतं. तिथे न शिकलेलं अक्षर समोर आलं की फार तर अंदाज बांधायचा. म्हणून 1988 च्या निरक्षरता निर्मूलनाच्या नियमांत चक्क संख्या घातली आहे: शेतकऱ्याला 1500 अक्षरं, कामगाराला आणि शहरवाल्याला 2000. शिवाय सोपं वर्तमानपत्र वाचता यावं, साधा हिशेब ठेवता यावा, चिठ्ठीचपाटी लिहिता यावी. शेतकऱ्याला 500 अक्षरं कमी का, यावर एक अख्खं प्रकरण होईल. ते तू लिही.

अक्षरांचा डोंगर चढायला दोन शिड्या लावल्या गेल्या. 1956 पासून अक्षरांच्या रेघा कमी केल्या, आणि 1958 साली उच्चार रोमन लिपीत लिहायची पिनयिन पद्धत स्वीकारली. तिच्यामागचे झोउ योउग्वांग हे मुळात अर्थतज्ज्ञ, न्यूयॉर्कमध्ये बँकेत काम केलेले. 2017 साली 111 वर्षांचे होऊन गेले. पिनयिन मुलांना अक्षरांपर्यंत नेण्यासाठी होती. पुढे तीच फोनच्या कीबोर्डवर येऊन बसली, आणि तिथून गंमत सुरू झाली.

मी चिनी शिकत होतो तेव्हाची गोष्ट. चीनमधल्या छंतू शहरातली एक मैत्रीण, पदव्युत्तर शिकलेली, औषधांच्या दुकानासाठी चिठ्ठी लिहीत होती. ‘शिंक’ लिहिताना पेन थांबलं. दोन रेघा काढल्या, खोडल्या. मग फोन काढला, उच्चार टाइप केला, समोर आलेल्या अक्षरांतलं बरोबर ते क्षणात ओळखलं आणि बघून बघून उतरवून घेतलं. जराही शरमली नाही. तिथे याला ‘पेन उचललं की अक्षर विसरलं’ असा चार अक्षरांचा वाक्प्रचारच आहे. 2013 साली सरकारी टीव्हीवर मुलांची अक्षर-श्रुतलेखनाची स्पर्धा झाली, तीही याच चिंतेतून. आता सांग, ती मैत्रीण तुझ्या तक्त्यात कुठल्या रकान्यात?

अभ्यासक्रमाने हे केव्हाच ओळखलं आहे. प्राथमिकच्या 6 वर्षांत मुलाने सुमारे 3000 अक्षरं ओळखायची, पण लिहायची 2500. पहिल्या दोन वर्षांत तर 1600 ओळखायची आणि त्यातली निम्मीच लिहायची.

परीक्षेचा भाग तू लांबवला आहेस, तो छाट. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली विद्यापीठ-प्रवेश परीक्षा, गाओखाओ, 1977 च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली. 57 लाख बसले, पावणेतीन लाखांच्या आसपास घेतले गेले. 2024 साली 1 कोटी 34 लाखांवर अर्ज होते. एवढं पुरे. त्याऐवजी 1986 चा 9 वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आणि 2006-07 साली खेड्यांत माफ झालेलं शुल्क, यांच्या मधल्या 20 वर्षांवर लिही. सक्ती कायद्याने केली, पण तोवर फी गावच्या आईबापांच्या खिशातून जात होती. 2021 साली शालेय विषयांच्या नफ्यासाठीच्या शिकवण्यांवर घातलेल्या बंदीला दोन ओळी दे. ती बातमी सगळ्यांनीच वाचली आहे.

तक्ता पुन्हा करशील तेव्हा छेदाला वेगळा रकाना ठेव आणि बाण काढून टाक. दिवाळीत घरी ये, माझी सरावाची वही दाखवतो. चौकोनात अधिकचं चिन्ह अशा घरांची असते ती. ते घर म्हणजेच ‘शेत’ हे अक्षर. तिच्यात एक अख्खं पान मी ‘शिंक’ गिरवली आहे. आज लिहायला सांगितलंस तर मीही फोनच काढीन.